किती वेळ थांबावे?

१९८१ सालच्या एप्रिल महिन्यातील दहावी तारीख उजाडली होती. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या समुद्रकिनारी, केनेडी अंतराळ केंद्राच्या उड्डाणतळावर ‘कोलंबिया’ नावाचे यान आकाशाकडे तोंड करून उभे होते. जॉन यंग व रॉबर्ट क्रिपेन हे दोन अंतराळवीर यानात आपापल्या जागी बसून उड्डाणाची वाट पाहत होते. पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालावयाची, विमानासारखे धावपट्टीवर उतरावयाचे आणि काही काळाने पुन्हा झेप घ्यावयाची, अशा प्रकारचे यान प्रथमच आकाशात जाणार होते. लोक डोळ्यांत प्राण आणून त्याच्याकडे पाहत होते. उलटी मोजणी चालू होती. ती वीस मिनिटांवर आली आणि तेथेच अडली.

यानात पाच संगणक होते. त्यांपैकी चार मुख्य संगणक एकच आज्ञावली एकाच वेळी चालवीत आणि आपली उत्तरे एकमेकांशी ताडून पाहत. एखाद्याचे उत्तर इतरांहून निराळे आले, तर तो बिघडला हे ताबडतोब ओळखू यावे, अशी ती योजना होती. पाचवा संगणक राखीव होता. त्याची आज्ञावली मुद्दाम निराळ्या लोकांकडून लिहवून घेतलेली होती. चौघांच्या आज्ञावलीत एकच चूक दडलेली असेल, तर चौघेही एकाच वेळी फसतील; तशा प्रसंगी पाचव्याने यान सावरावे, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी तो चौघांचे काम सतत कान देऊन ऐकत राही.

त्या दिवशी मात्र पाचव्याला चौघांचा मेळ लागेना. त्यांच्याकडील काही माहिती अपेक्षित क्षणी येत नव्हती. ती भरवशाची नाही असे मानून पाचव्याने ती ऐकण्याचेच सोडून दिले. कित्येक तास खटपट झाली. परंतु उपयोग झाला नाही. अखेर त्या दिवसाचे उड्डाण रद्द करावे लागले.

कारणाचा शोध घेतला तेव्हा मोठी नवलाची गोष्ट उघडकीस आली. पाचही संगणक धडधाकट होते. एकही तार तुटली नव्हती. एकही बेरीज चुकली नव्हती. चुकली होती ती वेळ. मुख्य संगणक सुरू करण्यात आले त्या क्षणी त्यांच्या कामाचा एक भाग दुसऱ्या भागाच्या मानाने एक फेरा सरकला होता. हा फेरा केवढा? एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यांतील ४० भागांएवढा. डोळ्याची पापणी लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. शिवाय असा घोटाळा होण्याचा संभव ६७ वेळांत एकदा, इतकाच होता. असंख्य चाचण्यांतून तो लपून राहिला आणि नेमका उड्डाणाच्या दिवशी प्रकट झाला.

प्रत्येक यंत्र आपापल्या जागी निर्दोष असताना सर्वांचे मिळून काम चुकावे, हे कसे? या प्रश्नाने गेली अनेक दशके शास्त्रज्ञांना विचार करावयास लावले आहे. त्यातील काही कोडी सुटली आहेत. काही अद्यापि सुटावयाची आहेत.

ही कोडी समजून घेण्यासाठी दोन गोष्टी आधी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली गोष्ट अशी की, आज पुष्कळशी कामे एकटा संगणक करीत नाही. निरनिराळ्या ठिकाणचे अनेक संगणक एकमेकांना निरोप पाठवून एकच काम वाटून घेतात. यास ‘वितरित संगणन’ म्हणतात. रेल्वेचे आरक्षण, बँकांचे व्यवहार, विजेचे देशभर पसरलेले जाळे ही त्याची उदाहरणे होत. एका मोटारगाडीतसुद्धा चाकांसाठी, इंजिनासाठी आणि दिव्यांसाठी निरनिराळे छोटे संगणक असतात आणि ते आपसांत निरोपांची देवघेव करतात.

दुसरी गोष्ट अशी की, काही कामांत उत्तर बरोबर असून भागत नाही. ते वेळेवर यावे लागते. गणिताच्या वहीतले उदाहरण आज सुटले काय आणि उद्या सुटले काय, उत्तर तेच राहते. परंतु मोटारीची टक्कर झाली म्हणजे आतील एअरबॅग सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात फुगली पाहिजे. ती एका सेकंदाने फुगली, तर फुगूनही न फुगल्यासारखीच. अशा कामांना ‘रिअल-टाइम’ म्हणजे वेळेच्या बंधनातील कामे म्हणतात. तेथे उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचे उत्तर ठरते.

या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे कामही वाटून घ्यावयाचे आणि वेळही पाळावयाची असे झाले, की खऱ्या अडचणींना आरंभ होतो.

पहिली अडचण ‘आत्ता’ या साध्या शब्दाची आहे. पंढरीच्या वाटेवर चाललेली एखादी लांब दिंडी डोळ्यांपुढे आणावी. मृदंग दिंडीच्या पुढच्या टोकास वाजत आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून १७० मीटर मागे चालणाऱ्या वारकऱ्यास मृदंगाचा ठोका अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. तो त्या ठोक्यावर अचूक टाळ वाजवितो. त्याच्या मते तो तालात आहे. परंतु त्याच्या टाळेचा नाद मृदंगवाल्याच्या कानी पोचेपर्यंत आणखी अर्धा सेकंद गेलेला असतो. मृदंगवाल्यास वाटते, मागची मंडळी तालाच्या मागे पडली. दोघांपैकी कोणीही चुकलेले नसते. चूक असेल तर ती त्यांच्यामधील अंतराची.

संगणकांचे निरोप काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने धावतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर असतो. हा वेग प्रचंड आहे खरा. तथापि मुंबई आणि दिल्ली यांच्यामध्ये सरळ रेषेत सुमारे ११५० किलोमीटर अंतर आहे, तेवढे तोडण्यास प्रकाशालाही सेकंदाचे सुमारे ६ सहस्रांश लागतात. सेकंदाला ३ अब्ज ठोक्यांनी चालणाऱ्या संगणकाचे तेवढ्यात जवळजवळ १ कोटी ८० लक्ष ठोके होऊन जातात. म्हणजे मुंबईच्या संगणकास दिल्लीची जी बातमी कळते, ती त्याच्या हिशेबाने फार जुनी झालेली असते. दिल्लीत ‘आत्ता’ काय चालले आहे, हे त्याला कधीच कळत नाही. ‘मघाशी’ काय चालले होते, एवढेच कळते.

मग प्रत्येक संगणकाजवळ एकेक घड्याळ ठेवले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. पण सर्व घड्याळे सारखी चालत नाहीत. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाचे घड्याळ दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या सेकंदाने मागेपुढे होते. माणसास हा फरक जाणवत नाही. यंत्रांच्या जगात मात्र तो फार मोठा असतो. म्हणून ही घड्याळे वारंवार एखाद्या उत्तम घड्याळाशी जुळवून घ्यावी लागतात. भारताची प्रमाण वेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या साहाय्याने राखते.

दूर असलेले घड्याळ जुळवावे कसे, यासाठी डेव्हिड मिल्स या अमेरिकन प्राध्यापकाने एक रीत बसविली आणि १९८५ साली ती प्रसिद्ध केली. मिल्स यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती, आणि पुढे तीही गेली. तरीही २०२४ साली निधन पावेपर्यंतच्या दीर्घ आयुष्यातील कित्येक वर्षे त्यांनी जगातील संगणकांना योग्य वेळ दाखविण्याच्या कामी वेचली. त्यांच्या रीतीचे मर्म एका उदाहरणाने कळेल. एका संगणकाने आपल्या घड्याळात ठीक १० वाजता दूरच्या संगणकास विचारले, “किती वाजले?” त्याने तत्काळ उत्तर पाठविले, “१० वाजून ९ सेकंद.” हे उत्तर हाती आले तेव्हा विचारणाऱ्याच्या घड्याळात १० वाजून ८ सेकंद झाले होते. म्हणजे जाऊन-येऊन ८ सेकंद लागले. त्यांतील निम्मे, ४ सेकंद, परतीचे धरले, तर दूरच्या घड्याळात आता १० वाजून १३ सेकंद झाले असले पाहिजेत. याचा अर्थ आपले घड्याळ ५ सेकंद मागे आहे. प्रत्यक्षात हे सारे सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागांत घडते, एवढाच फरक.

युक्ति सुरेख आहे. परंतु तीत एक गृहीत दडलेले आहे. जाताना जेवढा वेळ लागला, तेवढाच येताना लागला, असे तीत मानलेले आहे. जाताना ६ सेकंद आणि येताना २ सेकंद लागले असतील तर? मग दूरच्या घड्याळात खरे पाहता १० वाजून ११ सेकंदच झाले असणार, आणि आपले घड्याळ ५ नव्हे, ३ सेकंदच मागे असणार. ते ५ सेकंद पुढे सारले, म्हणजे २ सेकंदांची नवीच चूक झाली. केवळ निरोपांची देवघेव करून ही चूक ओळखण्याचा कोणताही उपाय नाही. कारण जाण्यास किती वेळ लागला हे मोजावयाचे, तर दोन्ही घड्याळे आधीच जुळलेली असावी लागतात.

घड्याळांवर पूर्ण विसंबता येत नसेल, तर घटनांचा क्रम तरी लावता येईल काय? लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७८ साली या प्रश्नाचे मोठे मार्मिक उत्तर दिले. पत्र लिहिल्यावाचून ते वाचता येत नाही. तेव्हा निरोप पाठविण्याची घटना ही तो निरोप मिळण्याच्या घटनेच्या आधीची, हे घड्याळ न पाहताही निश्चित सांगता येते. या धाग्याने घटना जोडीत गेले, की ज्यांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध आहे त्यांचा क्रम बरोबर लागतो. त्यासाठी प्रत्येक संगणकाने केवळ चढते अंक मोजावयाचे आणि निरोपाबरोबर आपला अंक पाठवावयाचा. ज्याला निरोप मिळेल त्याने, तो अंक आपल्या अंकाहून मोठा असल्यास, त्याच्याही पुढील अंकापासून मोजू लागावयाचे.

या रीतीने आधी काय व नंतर काय हे कळते. परंतु दोहोंमध्ये किती वेळ गेला, हे कळत नाही. एअरबॅग टकरीनंतर फुगली एवढे कळून काय उपयोग? ती किती वेळाने फुगली, हेच तेथे महत्त्वाचे असते. म्हणून वेळेच्या बंधनातील कामांत घड्याळावाचून सुटका नाही, आणि घड्याळावर पुरता विश्वासही टाकता येत नाही.

दुसरी अडचण मौनाची आहे. हल्ली भाजीवाल्यासही मोबाइलवरून पैसे देता येतात. यासाठी २०१६ साली सुरू झालेली ‘यूपीआय’ ही व्यवस्था मुंबईत मुख्य कार्यालय असलेली भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळ ही संस्था चालविते. समजा, एखाद्या गृहिणीने भाजीचे ६० रुपये पाठविले. तिच्या बँकेने ते तिच्या खात्यातून वजा केले आणि भाजीवाल्याच्या बँकेस जमा करण्याचा निरोप गेला. परंतु उत्तरच आले नाही. आता काय समजावे? कदाचित निरोप वाटेत हरवला असेल. कदाचित पलीकडचा संगणक बंद पडला असेल. किंवा कदाचित पैसे जमा झाले असतील आणि ‘जमा झाले’ हे उत्तरच हरवले किंवा रेंगाळले असेल. तीनही गोष्टी अलीकडून सारख्याच दिसतात. कानी पडते ते केवळ मौन. निरोप पुन्हा पाठवावा, तर पैसे दोनदा जाण्याची भीती. व्यवहार रद्द करावा, तर पैसे पोचूनही परत घेतल्याचा दोष. तिकडे भाजीवाला हात पुढे करून उभा आहे आणि मागे गिऱ्हाइकांची रांग वाढत आहे.

यावर एक चांगली तोड निघाली आहे. प्रत्येक व्यवहारास एक स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा. म्हणजे एकाच क्रमांकाचा निरोप दहा वेळा आला, तरी काम एकदाच करावयाचे. यामुळे पैसे दोनदा जाण्याची भीती टळते. ठरावीक मुदतीत पैसे पोचले नाहीत, तर ते परत मिळावेत असा नियमही आहे. परंतु मूळ शंका यामुळे नाहीशी होत नाही. उत्तर येत नसेल, तर पलीकडचा मंदावला आहे की बंद पडला आहे, हे ओळखावे कसे?

मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन यांनी १९८५ साली या बाबतीत एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. निरोपास लागणाऱ्या वेळेला काही मर्यादाच नसेल आणि एखादा जरी संगणक मध्येच बंद पडण्याचा संभव असेल, तर सर्वांचे एकमत हमखास घडवून आणील अशी एकही ठरीव रीत असू शकत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. याचा अर्थ एकमत कधीच होणार नाही, असा नव्हे. बहुतेक वेळा ते होते. फक्त ते होईलच, अशी हमी देता येत नाही.

म्हणून प्रत्यक्ष व्यवहारात संगणक थोड्या थोड्या वेळाने “मी आहे, मी आहे” असे एकमेकांस कळवीत राहतात. ठरावीक वेळात हा निरोप आला नाही, तर तो संगणक बंद पडला असे समजून इतर पुढे जातात. परंतु हा ठरावीक वेळ किती असावा? तो फार थोडा ठेवला, तर नुसता मंदावलेला संगणक मेला असे ठरविले जाते आणि तो नंतर पुन्हा बोलू लागला की गोंधळ उडतो. तो फार मोठा ठेवला, तर वाट पाहता पाहता कामाची वेळच टळून जाते. हे गणित प्रत्येक कामापुरते निराळे असते.

तिसरी अडचण याहूनही बिकट आहे. बिघडलेला संगणक गप्प बसला, तर निदान त्याचा संशय येतो. परंतु तो एकास एक आणि दुसऱ्यास दुसरेच सांगू लागला तर? उंची मोजणारे यंत्र एका संगणकास १०० मीटर आणि दुसऱ्यास २०० मीटर सांगू लागले, तर विमानाने काय करावे? लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक आणि मार्शल पीझ यांनी १९८२ साली हा प्रश्न सेनापतींच्या रूपकाने मांडला. एक सेनापती आहे आणि त्याचे दोन सरदार आहेत. सेनापतीने पहिल्या सरदारास ‘चाल करा’ असे सांगितले. दुसरा सरदार मात्र म्हणतो, “मला तर सेनापतींनी ‘माघार घ्या’ असे सांगितले.” आता फितूर कोण? सेनापतीने दोघांस निरनिराळे हुकूम दिले, की दुसरा सरदार खोटे बोलत आहे? पहिल्या सरदारास हे ओळखण्याचा मार्गच नाही.

तेच तीन सरदार असतील, म्हणजे सेनापती धरून चौघे असतील, तर मार्ग निघतो. तिघांनी आपापले हुकूम एकमेकांस सांगावयाचे आणि बहुमताने वागावयाचे. त्या चौघांत एकच फितूर असेल, तर प्रामाणिक असलेल्यांचा निर्णय एकच राहतो. एका लबाडासाठी चार, दोन लबाडांसाठी सात आणि तिघांसाठी दहा, असे हे प्रमाण आहे. मात्र इतक्या जणांनी एकमेकांस विचारावयाचे, तर निरोपांची संख्या भराभर वाढते आणि प्रत्येक निरोपास वेळ लागतो. सुरक्षितपणा वाढवावा तर वेग कमी होतो. वेग वाढवावा तर सुरक्षितपणा कमी होतो. या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न अजूनही चालू आहेत.

अडचणी अशा तिहेरी असल्या, तरी माणसाची बुद्धी थांबलेली नाही. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१२ साली आपल्या एका माहितीसाठ्याची रचना प्रसिद्ध केली. तीतील घड्याळ ‘इतके वाजले’ असे ठामपणे सांगत नाही. ‘खरी वेळ या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कोठेतरी आहे’ असे ते सांगते. उपग्रहांवरून मिळणारी वेळ आणि अणुघड्याळे यांच्या आधारे ही शंकेची जागा सेकंदाच्या १ ते ७ सहस्रांशांएवढी लहान राखलेली होती. महत्त्वाचा व्यवहार नोंदविण्यापूर्वी संगणक ही शंकेची जागा उलटून जाईपर्यंत मुद्दाम थांबतो आणि मगच ‘झाले’ असे कळवितो. घड्याळ आपले अज्ञान कबूल करते, म्हणून त्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो. थोडेसे थांबून खात्री विकत घेण्याचाच हा प्रकार होय.

परंतु थांबावयास सवडच नसेल तर? विजेचे जाळे हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दिवशी भारताच्या फार मोठ्या भागातील वीज गेली. ३१ तारखेस सुमारे साठ कोटी लोकवस्तीच्या प्रदेशास तिची झळ पोचली. रेल्वेगाड्या वाटेत उभ्या राहिल्या. एका वाहिनीवरचा भार दुसरीवर, दुसरीवरचा तिसरीवर, असा एकदा कोसळू लागला, म्हणजे असे जाळे पाहता पाहता तुटत जाते. एवढ्या अवधीत माणसाने शेकडो उपकेंद्रांची माहिती गोळा करून निर्णय घेणे अशक्य असते. म्हणून ठिकठिकाणच्या उपकेंद्रांत अशी यंत्रे बसविण्यात येत आहेत, की जी विजेच्या लहरींची स्थिती सेकंदाला २५ किंवा ५० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणीवर अचूक वेळेची मोहोर उठवितात. आपल्याकडील विजेची एक लहर सेकंदाच्या २० सहस्रांशांत पुरी होते. तिचे ३६० अंश मानले, तर एका अंशास एका सेकंदाच्या दशलक्ष भागांतील केवळ ५५-५६ भाग मिळतात. दोन उपकेंद्रांच्या घड्याळांत तेवढाही फरक पडला, तर जाळ्याचे चित्र एका अंशाने चुकीचे दिसते.

अशा जाळ्यात वर सांगितलेल्या तीनही अडचणी एकाच वेळी समोर उभ्या राहतात. येथे घड्याळे जुळली पाहिजेत. परंतु उपग्रहांकडून येणारा वेळेचा इशारा अत्यंत क्षीण असतो आणि कोणी खोटा इशारा पाठवून घड्याळास फसवूही शकतो. ते फसविणे वेळीच कसे ओळखावे? येथे उत्तर मुदतीत मिळाले पाहिजे. परंतु आजच्या वेगवान संगणकास एखाद्या कामासाठी जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हे आधी खात्रीने सांगणे मोठे कठीण आहे. त्याची रचनाच अशी असते, की तेच काम कधी झटपट होते, तर कधी रेंगाळते. सरासरी वेळ सांगणे सोपे. पण एअरबॅगला सरासरीचा काय उपयोग? जाळ्याचा एखादा भाग इतरांपासून तुटला, तर त्याने आपल्यापुरता निर्णय घ्यावा, की पुन्हा जोडले जाईपर्यंत हात आखडून बसावे? आणि ६७ वेळांत एकदाच, किंवा कोटी वेळांत एकदाच घडणारी चूक चाचणीत सापडावी कशी? सर्व शक्यता तपासून पाहावयाच्या म्हटल्या, तर त्यांची संख्याच अफाट होते. म्हणून आज्ञावली चुकणार नाही हे गणितातील प्रमेयाप्रमाणे सिद्ध करून दाखवावे, असा काही शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. लहान आज्ञावलींच्या बाबतीत तो साधला आहे. देशभर पसरलेल्या जाळ्याच्या बाबतीत तो साधावयाचा आहे.

ही सर्व कोडी नीट पाहिली, तर त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो. दुसऱ्याची वाट किती वेळ पाहावी आणि केव्हा आपल्या बुद्धीने पुढे जावे? माणसांना हा प्रश्न पूर्वीपासून पडत आला आहे. दूर गेलेल्या जहाजाची वाट पाहणाऱ्यांना तो पडला; मदतीची कुमक येईल या आशेवर किल्ला झुंजविणाऱ्यांनाही तो पडला. माणसाने तो अनुभवाने आणि अंदाजाने सोडविला. यंत्रास मात्र अनुभवाचा आधार नसतो. ‘अमुक इतका वेळ थांब आणि मग असे कर’ हे त्यास आधी, नेमक्या आकड्यांत सांगून ठेवावे लागते. म्हणजे तो प्रश्न यंत्राचा नसून ते यंत्र घडविणाऱ्या माणसाचाच आहे.

‘कोलंबिया’चे पुढे काय झाले? चुकीचे मूळ सापडल्यावर उपाय अगदी साधा निघाला. संगणक नव्याने सुरू करण्यात आले. या वेळी पाचांचीही वेळ जुळली. दोन दिवसांनी, १२ एप्रिल १९८१ रोजी, यानाने आकाशात झेप घेतली. युरी गागारिन हा पहिला मानव अवकाशात गेला, त्या घटनेस त्याच दिवशी बरोबर वीस वर्षे पुरी होत होती. १४ एप्रिल रोजी यंग आणि क्रिपेन कॅलिफोर्नियातील धावपट्टीवर सुखरूप उतरले.

१० तारखेस पाचव्या संगणकाने उड्डाण अडविले, म्हणून त्या दिवशी पुष्कळांची निराशा झाली असेल. परंतु ज्याची खात्री पटत नाही ते खरे मानावयाचे नाही, हे त्यास नेमून दिलेले काम त्याने चोख बजावले. त्याने संशय घेतला आणि माणसांनी त्याचा संशय मानून थांबण्याचे ठरविले, यातच दोन अंतराळवीरांचे कल्याण होते. मात्र यान तेव्हा जमिनीवर होते. म्हणून दोन दिवस थांबता आले. हाच संशय यान आकाशात असताना उत्पन्न झाला असता, तर थांबावयास दोन दिवस तर नाहीतच, दोन सेकंदही मिळाले नसते. तेवढ्या अल्प अवधीत अनेक यंत्रांनी एकमेकांचे ऐकावे, खोटे ओळखावे, मौनाचा अर्थ लावावा आणि सर्वांनी मिळून एक योग्य निर्णय घ्यावा, याची पक्की हमी देणारी रीत अजून सापडलेली नाही. ती शोधणारे लोक जगात ठिकठिकाणी काम करीत आहेत. त्यांच्यापैकी काहींनी कदाचित अजून शाळेचा उंबरठाही ओलांडलेला नसेल.